लाल ग्रीस

फेअरली, रविवार

प्रिय कीथ,

बाबांच्या गाडीचा मागचा ॲक्सल मी बदलला, हे आपल्या जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं. अकरा वर्षं ती माझ्या शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी होती. 'तूच मोडलीस, तूच सांभाळ' म्हणून तू ती माझ्या गळ्यात मारलीस, ते बरंच झालं म्हणायचं. शंभरीला टेकलेली म्हातारी, पण परवा पहिल्या फटक्यात सुरू झाली.

वर्कशॉपवाल्या विरेमूने त्याच्या लेथवर नवा ॲक्सल घडवून दिला. चाकाकडचं निमुळतं टोक मात्र मी स्वतः बसवलं. घासायची पेस्ट लावून चाकाचा हब त्यावर तीन दुपारी घासला, सगळीकडे सारखा टेकेपर्यंत. मग दोन्ही पुसून, कोरडे ठणठणीत करून नट आवळला. बाबा आपल्या दोघांना बजावायचे ना, की इथे तेलाचा थेंब पडला तर चाक ॲक्सलवर घसरतं, सगळा ताण दोघांमधल्या खाचेत बसवलेल्या त्या बोटभर लोखंडी चावीवर येतो आणि एक दिवस चावीच्या खाचेपाशीच ॲक्सल तुटतो.

अकरा वर्षांपूर्वी तो तुटला तेव्हा स्टिअरिंगवर मी होते. बर्कच्या खिंडीत, क्लबच्या चाळीस गाड्यांसमोर. चाक गाडीला सोडून मेंढ्यांच्या कुंपणात शिरलं. सगळ्यांच्या आधी तू पळत आलास आणि म्हणालास, 'नोलीन, क्लच असा सोडतात होय? गाडी आहे ती, घोडा नव्हे.' सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी नुसता किल्लीसाठी हात पुढे केला, आणि ते असेपर्यंत ती किल्ली मला पुन्हा मिळाली नाही. चार वर्षांनी हॉस्पिटलात नर्सला माझी ओळख करून देताना म्हणाले, 'हीच ती, गाडी मोडणारी.' तीन आठवड्यांनी गेले. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गाढवपणाला क्लब देतो ती गाढवफळी त्या वर्षी अर्थातच माझी. तुटलेलं टोक तू हबमधून काढून, चकाचक घासून फळीवर बसवून दिलंस. भर जेवणात उभं राहून स्वतःचा गाढवपणा मोठ्याने वाचायचा असतो, तो मी वाचला. पुढच्या वर्षी फळी दुसऱ्या गाढवाला द्यायची असते, ती मी दिली नाही. बाबांच्या गाडीचा तुकडा परक्याच्या भिंतीवर कशाला? आणि मला वाटायचं, भावाने किती मायेने घासलंय.

हब घासायचा मात्र तू विसरलास. मे महिन्यात तो विरेमूच्या टेबलावर ठेवला, तर आत चावीच्या खाचेत लाल ग्रीस, वाळून खपली धरलेलं. बाबांचं ग्रीस पिवळं असायचं. लाल तुझ्या बोटीच्या ट्रेलरचं. विरेमू म्हणाला, 'बाई, हे कुणी बसवलं? केकचं भांडं माखतात तसं माखलंय.' आदल्या उन्हाळ्यात ब्रेक बघायला ते चाक तूच काढलं होतंस. पुढच्या वेळी सहज निघावं म्हणून माखलंस, तेही मी समजू शकते. चूक कुणाचीही होते. पण ते टोक पुसताना तुला कळलं होतं, कीथ. कळूनही तू चार वर्षं बाबांसमोर बसून चहा प्यालास आणि मला हसलास. चोर तो चोर, वर शिरजोर. मला तुझा राग येतो, आणि तो जाणार नाही.

शनिवारी वार्षिक जेवण आहे. तुझ्या पन्नास वर्षांच्या सभासदत्वाचा बिल्ला त्याच वेळी देणार आहेत, म्हणजे तुला दांडी मारता यायची नाही. बिल्ला लावून झाला की फळी मी तुला देणार. ग्रीसचे फोटो आहेत, विरेमू साक्षीला आहे. नवी पट्टी कोरून घेतली आहे, तीत बाबांचं नावही आहे, आणि रीतीप्रमाणे ती तुलाच वाचायची आहे.

हे न सांगताही करता आलं असतं. विरेमूचं तेच म्हणणं होतं, 'कळवू नका, त्याचं तोंड बघण्यासारखं होईल.' पण मग तुझं सगळं दोन मिनिटांत उरकलं असतं. हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. तिथून शनिवारपर्यंत चार दिवस. दुकानात कुणी जरा जास्त वेळ बघितलं, फोन वाजला, की याला कळलं असेल का, याच धास्तीत ते तू काढावेस, एवढ्यासाठी हे लिहिलं. मी अकरा वर्षं काढली. तुला चारच दिलेत.

तुझीच सख्खी बहीण,
नोलीन