रावजींच्या रायफलीची नळी

८ ऑक्टोबर १९३३

सहदेवची नाचणी डुकरांनी पुन्हा लोळवली! आमची ठासणीची बंदूक आता भिंतीला शोभा म्हणूनच. अखेर गावकीने वर्गणी काढून रायफल घ्यायचं ठरवलं. परवाना माझ्या नावावर, तेव्हा पारखही माझीच. आजोबांपासून गावची बंदूक आमच्या घरात आहे. पारधीत डुक्कर बाहेर पडतं त्या मुख्य नाक्यावर आम्ही उभं राहायचं, पडलेल्या डुकराची मुंडी आमच्या घरी यायची. हा मान हैबतीच्या डोळ्यात सलतो. चुलतभाऊ झाला म्हणून काय!

नजरेत दोन आहेत. एक वरंधच्या रावजी हवालदारांची, इंग्रजी बनावटीची. बसऱ्याच्या लढाईवरून परतल्यावर त्यांनी घेतली होती. आता गुडघे गेले, रानात फिरणं होत नाही. दुसरी महाडच्या एका वकिलांची, जर्मन. ते कायमचे मुंबईला चालले. दोघी सख्ख्या बहिणी म्हणाव्यात – तोच बोल्ट, पोटात तीच पाच काडतुसं, वजनही तेवढंच. वकिलांची मात्र दीडपट महाग. शुक्रवारी दोन्ही मारून बघायच्या.

१३ ऑक्टोबर

लाज वाटते लिहायला.

सावित्रीच्या पात्रात पांडूने दरडीला जुनं सूप टेकवलं, मधोमध चुन्याचा ठिपका. पांडू आमच्या हाकाऱ्यांतला पुढचा गडी. सगळा गाव बघायला. आधी रावजींची घेतली. खांद्याला कशी छान बसली! चापही हलका. पण नळीच्या टोकावरची माशी, जी ठिपक्यावर धरून नेम घ्यायचा, तीच दिसेना. उजव्या डोळ्यापुढे धुकं. पावसाळ्याआधीपासून आहे हे, कुणाला बोललो नाही. पाच बार काढले. एक सुपाच्या कडेला लागला, बाकीचे दरडीत.

मग वकिलांची. तिच्या माशीवर हस्तिदंताचा जाड पांढरा मणी बसवलाय. तो दिसला! पाचांतले तीन सुपात.

हैबती मिशीत हसत होता. रावजी काठी टेकत आले. "एक काडतूस द्या बघू. मी मारतो."

द्यायचं होतं. म्हातारा मारता तर ठिपक्यातच मारता, आणि मग गाव माझ्याकडे बघता. मी म्हणालो, "संपली काडतुसं, हवालदार. आणि तुमच्या नळीतले आटे झिजलेत. गोळी सरळ जात नाही."

खिशात चार काडतुसं होती.

रावजींनी नळीला डोळा लावला, आकाशाकडे धरून बराच वेळ बघितलं. "मला तर नाय दिसत झिजल्यालं," एवढंच म्हणाले.

१४ ऑक्टोबर

नाचता येईना अंगण वाकडं! ही म्हण मी हैबतीला किती वेळा ऐकवली असेल.

१६ ऑक्टोबर

गावात दोन तट पडले. हैबती म्हणतो, "रावजींची सवस्त हाय, चांगली हाय, तीच घ्या." बाकीचे माझ्या शब्दावर. तंटा मिटेना तेव्हा सगळे म्हणाले, सोमजाईला कौल लावा.

मुरारी गुरवाने देवीच्या उजव्या-डाव्या खांद्याला ओल्या कळ्या चिकटवल्या. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. दोघींतली कोणती घ्यावी, एवढंच विचारायचं होतं. मी काय म्हणालो? "आई, झिजल्या नळीची बंदूक गावात आणावी का? आणावी तर उजवी दे, नाही तर डावी."

डावी पडली. लगेच!

"देवीनंच सांगितलं!" सगळे एका तोंडाने. हैबतीनेसुद्धा हात जोडले. अरे, झिजलेली नळी आणा असं कोणती देवी म्हणेल? तिने उत्तर खरंच दिलं. प्रश्न माझा खोटा होता.

तोंडातून असंच निघून गेलं, असं आत्ता इथे लिहिणार होतो. तेही खोटं. घरून निघतानाच शब्द जुळवून नेले होते.

२३ ऑक्टोबर

वकिलांची रायफल घरी आली. बघवत नाही. माझी बायको बनू म्हणाली, "येवढी भारी आणलीत नि तोंड का पाडलंय?" तिने पुढे केलेला चहा बशीत ओतायला गेलो, तो सगळा घोंगडीवर. तिने घोंगडी पुसली, मग माझ्या डोळ्यांकडे बघितलं. तिला कळलंय की काय?

रावजींची रायफल आता कुणी फुकटसुद्धा घेणार नाही म्हणे. देवीनेच नाकारलेली!

२९ ऑक्टोबर

आज पारध. मी ओढ्याच्या तोंडाशी नाक्यावर. वरून हाका सुरू झाला – ढोल, पत्र्याचे डबे, आरोळ्या. समोर कारवीत काळं काही हललं. मी रायफल उचलली. पांढरा मणी लख्ख दिसत होता. मण्यापलीकडचं मात्र काहीच नाही, नुसता काळा गोळा. चापावर बोट गेलं, थोडं दाबलंसुद्धा.

काळा गोळा खोकला.

पांडू! घोंगडीची खोळ घेऊन सरळ माझ्या समोर उभा. हलला नाही, ओरडलाही नाही. डुक्कर खालच्या अंगाने निघून गेलं. पोरं धावत आली, "दादा, बार का नाय काढला?"

"काडतूस दमट निघालं."

जीभ जरासुद्धा अडखळली नाही माझी! पांडू माझ्याकडे बघत होता. मग घोंगडी झटकून चालू लागला.

३० ऑक्टोबर

आधी नळी झिजलेली, मग काडतूस दमट. पुढच्या खेपेला डुक्करच आंधळं म्हणीन.

२ नोव्हेंबर

वरंधला गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. वाटभर वाक्यं म्हणत गेलो, शाळेतल्या कवितेसारखी.

दारात बयाबाई, रावजींच्या मंडळी. "या, ते तुमचीच आठवण काढतात." आत गेलो तर रावजी उठले, काठी बाजूला टाकली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस! मी मागे सरलो तर भिंत.

"रोज हातानं पुसली ती नळी, नि मला खोट दिसली नाय बघा," म्हणाले. "देवीला दिसली. ऐन येळेला गोळी वाकडी जाती नि डुकरानं कुनाला फाडला असता तर? माझ्या हातनं पाप व्हायचं होतं. तुमी वाचवलंत."

रायफल त्यांनी महाडच्या कचेरीत जमा केली. परवानाही परत दिला. खुंटी मोकळी होती. तिच्याखाली भिंतीवर तेलाचा डाग.

देवीपुढे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास टाकून दिला. आणि ती डावी कळी मी पाडलेली! बयाबाईंनी तांदळाची भाकरी वाढली. खाल्ली. पाणी प्यालो. कबुली तशीच पोटात ठेवून परत आलो. माझ्याइतका भेकड माणूस या खोऱ्यात दुसरा नसेल.

५ नोव्हेंबर

बोललो! सोमजाईच्या देवळात, सगळ्या गावापुढे, रावजींना गाडीतून आणवून. डोळा, खिशातली काडतुसं, गाऱ्हाण्याचे शब्द, सगळं. कुणाला पटलं नाही. हैबतीच पहिला बोलला – हैबती! – "हवालदारांची अब्रू राखाया दादा आपल्या डोळ्यावर घेतोय." मुरारी म्हणाला, देवीचा कौल खोटा होत नाय. रावजी रडले. मला नारळ दिला, "पुढच्या पारधीला नाक्यावर तुमीच," म्हणाले.

सगळे गेल्यावर पांडू तेवढा पायरीवर थांबला होता. "माझा इस्वास हाय, दादा," म्हणाला. "मी बंदुकीचं तोंड बघितलंय."