साफ रंग

३ डिसेंबर
निशाचे फोटो काढले. ताईची मुलगी, माझी एकुलती एक भाची. मोहाडीच्या स्थळासाठी. भाऊजींनी घरच्या मागावर विणलेली केशरी कोसा रेशमाची साडी नेसली होती. हसेचना. "मामा, नुसतं उभं राहून कोण हासते?" शेजारची शेळी पडद्याआड शिरली तेव्हा हसली. तोच फोटो घ्यायचा.

४ डिसें.
डोकं फिरलंय. फोटो दुरुस्तीच्या मोठ्या प्रोग्राममध्ये पोरगी आहे तशी सावळी, तजेलदार, साडी केशरी. तोच फोटो अल्बमच्या प्रोग्राममध्ये उघडला की साडी बदामी आणि पोरगी तापातून उठल्यासारखी फिकट. मॉनिटरला उगाच शिव्या घातल्या.
ताईला दोन्हीकडचे पाठवले, फिकट आधी, नुसते बघायला. लिहिलं : पहिल्यात रंगाची गडबड आहे, दुसरा साफ आहे.

५ डिसें.
ताईचा फोन. "गजू, उलटं लिहिलं ना तू. पहिलाच तर साफ हाय. मोहाडीवाल्यायले पाठवून देल्ला मी."
मला साफ म्हणजे बिनचूक, तिला साफ म्हणजे गोरं. आणि एकाच घरात वाढलो आम्ही.
म्हटलं, तो बिघडलेला आहे. "बिघडला कायले? पोरगी कशी उजळून निघाली."
फार राग आला. त्यांना फोटो पसंत पडलाय. रविवारी पाहायला येणार आहेत.

७ डिसें.
दोष सापडला. फोटोसोबत रंगांची ओळख सांगणारी नोंद असते, प्रोफाइल. कॅमेऱ्यात ती मोठ्या रंगपट्ट्याची लागली होती. मोठा प्रोग्राम ती वाचतो, अल्बमवाला वाचतच नाही, मनाला येईल तसे रंग दाखवतो. साध्या प्रोफाइलमध्ये बदलून ठेवला की दोन्हीकडे सारखा. एवढंसं काम, तीन दिवस खाल्ले.
दुपारी निशा स्टुडिओत आली. मुलाशी फोनवर बोलली आहे, आवडलाय तिला. लपवता येत नाही पोरीला. दोन्ही फोटो शेजारी लावून मागितले. बराच वेळ बघत बसली.
"मामा, त्यानं ह्या पोरीले पसंत केलं. मले नाही."
चहा मागवला. रविवारी मोडलं तर तिला किती लागेल, ते मला दिसत होतं.

रविवार
आले. मुलगा, वडील, आई. आईसुद्धा मागावर बसणारी. पोह्यांची प्लेट घेताना तिने निशाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही आधी, त्याच केशरी साडीचा पदर बोटांत धरला. मग फोन काढून फोटो त्याच्या शेजारी धरला.
"काहून जी, फोटोत साडीचा रंग कोठी गेला?"
ताई पांढरी पडली. मी प्रोफाइल, प्रोग्राम असं काहीतरी पुटपुटलो. कोणाच्या डोक्यात शिरलं नाही.
निशा म्हणाली, "साडीसंगं माहाबी उडाला काकू, त्या फोटोत. पण दोन्ही रंग पक्के हायेत."
मुलगा हसला. वडील हसले नाहीत. आई पदर चोळून बघत राहिली, मग बोटं बघितली. जाताना मला म्हणाली, "खरा फोटो पाठवजा. घरी सासूबाईले दाखवतो."
होकार नाही, नकार नाही. मला पोरीचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच.

सोमवार
खरा फोटो दोन्ही प्रोग्राममध्ये उघडून पाहिला, मग माझ्या फोनवर, मग ताईच्या. चारही ठिकाणी तीच निशा. पाठवायचं ताईनेच. बोट बटणावर, आणि माझ्याकडे बघत बसली.
"गजू, हा साफ हाय ना?"
"हो ताई, साफ आहे."
पाठवला. निळ्या खुणाही आल्या, म्हणजे पाहिलाय. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. निशा मागापाशी कांड्यांवर सूत भरत बसलीय, फोन पालथा ठेवून.