पोटरीतले तंतू

९ ऑगस्ट
आज पुन्हा मागे पडले! शंभर मीटर, आणि सुरुवातीलाच जोर मिळत नाही. देवदत्त सर ओरडले — "चंदन, टाच उचल! चवड्यावर पळ!" उचलतेय की! पायच ऐकत नाही. ब्राह्मी, माझी धाकटी बहीण, शाळेतली पोर — तीसुद्धा पुढे निघून गेली.

१४ ऑगस्ट
सर म्हणाले, वेगाचे तंतू बरेचसे जन्माचेच. पण जीव तोडून पळलं की तेही थोडे तुटतात, आणि भरून येताना जाड होतात. म्हणून चढावरच्या धावा वाढवल्या. मांड्या ठीक आहेत. पोटऱ्या मात्र बारीकच होत चालल्यात. आई म्हणाली, "खातीस का न्हाई गं नीट?"

२ सप्टेंबर
साताऱ्याच्या स्पर्धेत सगळ्यांच्या मागे. सुरुवातीच्या रेषेवरून उठतानाच तोल गेला. सांगलीला एसटीने परतलो. कऱ्हाड गेल्यावर सर म्हणाले — "एकदा डॉक्टरांना दाखवू."

११ सप्टेंबर
रक्त तपासलं. स्नायू तुटल्याची खूण खूप वाढलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पळणाऱ्यांत वाढतेच, आराम करून परत या.

१ ऑक्टोबर
आराम केला. तरी खूण तेवढीच! मग बाईंनी आईला विचारलं, "तुम्ही नवरा-बायको नात्यातले?" आईने मान खाली घातली. अण्णा तिच्या आत्याचे चिरंजीव. माझ्या पोटरीचा बारीक तुकडा काढला, रक्तही बाहेरगावी तपासायला पाठवलं.

६ नोव्हेंबर
कळलं. माझे तंतू तुटले की नीट भरूनच येत नाहीत. बाकीच्यांना ज्या सरावाने बळ येतं, तोच माझे स्नायू खात होता. हळूहळू मांड्याही जातील. औषध नाही.
"पळाले म्हणून झालं का?"
"नाही. आजार जन्माचाच. पण आता पळायचं नाही."
अण्णा बाहेर बाकावर बसले होते. "लय पळिवलं गं पोरी तुला." सरांना फोन केला.

७ नोव्हेंबर
पळाले नाही.

१२ नोव्हेंबर
आजार घरातला, म्हणून ब्राह्मीचंही रक्त पाठवलं. तोवर तिचंही मैदान बंद. आई सकाळ-संध्याकाळ बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, देवापुढे बसून असते. ब्राह्मी वेणी घालून घेताना म्हणाली, "अक्का, मला पण असंल का गं?"
"न्हाई असायचं." माझा आवाज मलाच खोटा वाटला.

४ डिसेंबर
ब्राह्मीला काही नाही! आई रडली. अण्णा पेढे आणायला धावले. ब्राह्मीने माझ्या कानात विचारलं, "अक्का, मग मी पळू?" मी म्हणाले, "पळ की."
पण त्याआधी, बाई पाकीट फोडत होत्या तेव्हा — मला वाटलं होतं, तिलाही तेच निघावं. एकटीला राहायचं नव्हतं मला.