आधी बाजार बघायचा

आई, तुझ्या त्या बाजाराच्या खुळापायी चार दिवसांपूर्वी मी हॅलिफॅक्सच्या एका मॉलमध्ये बाकावर अर्धा दिवस बसून काढला, आणि शेवटी तिथला रखवालदार येऊन अदबीनं विचारू लागला, बाई, तुम्ही हरवलात का? हसू नकोस. तुला जाऊन एवढी वर्षं झाली, पण राहायचं गाव कसं निवडावं, याची दुसरी रीत मला कुणी शिकवलीच नाही. आधी तिथला बाजार बघायचा. घ्यायचं काही नाही, नुसतं एका कडेला बसायचं आणि अनोळखी बाईशी माणसं कशी बोलतात ते ऐकायचं. माझं लग्न ठरवायच्या आधी तू दुसरबीडला जाऊन रस्त्याकडेच्या दुकानांसमोर बसली होतीस, आणि सासरच्यांना ते कळल्यावर केवढी हसाहशी झाली होती! आता त्याच दुसरबीडच्या घरातली आम्ही तिघं, मी, हे आणि तुझी नात, कॅनडात येऊन पडलोय आणि कुठल्या शहरात घर मांडायचं हेच ठरत नाही. म्हणजे नव्हतं ठरत.

सांगते सगळं. उन्हाळ्यात आलो ते थेट टोरांटोशेजारी ब्रॅम्प्टनला, माझ्या भासऱ्यांकडे, म्हणजे यांच्या थोरल्या भावाकडे. त्यांच्या घराचं तळघर आम्हाला दिलंय. दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, मेथी मिळते, शेजारीपाजारी सगळे हिंदी बोलतात. जाऊबाईंनी गोदामातलं पॅकिंगचं काम माझ्यासाठी बघून ठेवलंय. नर्सचं काम इथं केव्हा मिळेल, कुणी सांगू शकत नाही. आणि तिकडं हॅलिफॅक्सच्या एका हॉस्पिटलनं मुलाखतीला बोलावलं आणि नर्स म्हणूनच घ्यायला तयार झाले. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. भासऱ्यांनी ऐकलं आणि ताटावरच यांना झापायला लागले, "तिकडं आपलं कोण हाय बे? समुद्राच्या काठाला, बर्फात! इथं आपली माणसं सोडून काहून मरायला चालला?" हे माझ्याकडे बघत बसले. रात्री मला म्हणाले, तू म्हणशील तसं करू, पण दादाला तूच सांग. वा रे वा! बुलढाण्याच्या दवाखान्यात मी रात्रपाळ्या केल्या, अंगात आलेली माणसं धरून ठेवली, पण दादाला सांगायचं म्हटलं की घरातला पुरुष मागे.

"तिकडं आपलं कोण हाय" हे ऐकलं आणि मी एकदम खामगावात मामाच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बाबा गेल्याला फार दिवस झालेले नाहीत. नोकरीत तुझी बदली व्हायची आहे आणि तुला विचारलंय, खामगाव की लहानसं धाड. खामगावात तुझा सख्खा भाऊ, कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम, मोठं घर, रेल्वे, बाजारपेठ. आपण त्याच्याकडेच राहतोय. मामी वाईट असती तर सोपं झालं असतं गं, पण मामी चांगली होती. त्या दिवशी पंगतीत मला अजून कढी हवी असते. मी वाटी पुढे करते आणि करता करता तुझ्या तोंडाकडे बघते. मामी वाढते, "खाय वं पोरी," म्हणते. तू मात्र जेवायची थांबतेस. पुढच्याच बाजाराच्या दिवशी मला घेऊन एसटीनं धाडला गेलीस.

आपण दोघी तिथं एका कडुलिंबाखाली बसलो. धूळ, माशा, वांग्यांचे ढीग, जीपवाल्यांची आरडाओरड. एका बाईनं आपल्याला हटकलं, "सावलीत काऊन बसल्या, गिऱ्हाईक अडते नं!" तू सरकून बसलीस. मला तहान लागली तर पाणीसुद्धा हॉटेलात जाऊन मागावं लागलं. संध्याकाळी पिशवीत सुकलेल्या मेथीची एक जुडी, बस्स. घरी मामा वाटच बघत होता. "धाडले आपलं कोन हाये? माह्या घरी तुले काय कमी हाये?" तू चप्पल काढत म्हणालीस, "कमी काहीच नाही, दादा. पन बाजार चांगला हाये तिथला." मामा महिनाभर तुझ्याशी बोलला नाही. मामी तेवढी निघताना डोळे पुसत होती. धाडच्या त्या भाड्याच्या खोलीत पहिल्या दिवशी तू कढी केलीस आणि पातेलं माझ्यापुढे सरकवून म्हणालीस, "घे, आता माह्या तोंडाकडे पाहू नको." तेव्हा मला ते रागावणं वाटलं होतं. मी मुकाट्यानं भुरके मारत राहिले.

तर हॅलिफॅक्स. तू विणलेला स्वेटर मी कोटाच्या आत घालून मुलाखतीला गेले होते. आपण बुलढाणेकर थंडीच्या काय बढाया मारायचो! तिथलं वारं समुद्रावरून आडवं येतं, पाऊसही आडवा, छत्री पहिल्याच वळणावर उलटी. मॉलमध्ये माणसं सामान घेतात, यंत्रापुढे धरतात आणि चालू लागतात. बोलणार कोण आणि मी ऐकणार काय? रखवालदाराला म्हटलं, हरवले नाही, इथं राहायला यायचं म्हणून शहर बघतेय. तो मोठ्यानं हसला. म्हणाला, मॉल सगळीकडे सारखेच, त्यापेक्षा उद्या कामावर जायच्या वेळी हॉस्पिटलची बस धरा. धरली. सगळी बस गप्प. उतरताना मात्र जो तो ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. माझी पाळी आली तर मी नुसतीच मान हलवून उतरले. मेथी कुठल्याच दुकानात दिसली नाही. संध्याकाळी खोलीवर बसून मी रडले, हेही लिहून टाकते.

परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. वर जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी पोळ्या करतोय. तुझी नात शाळेतून येते, भूक लागलेली, फ्रिजचं दार उघडते, दह्याच्या डब्याला हात लावते आणि थांबते. माझ्या तोंडाकडे बघते. जाऊबाई म्हणतात, "घे की गं, घर तुझंच हाय." अगदी मनापासून म्हणतात, त्यांचं काही चुकत नाही. पण माझ्या हातातलं लाटणं थांबलं. घर तुझंच आहे, हे स्वतःच्या घरात कुणी कुणाला सांगत नाही.

आज सकाळी हॉस्पिटलला होकार कळवला, आणि मग वर जाऊन चहाच्या वेळी भासऱ्यांना सांगितलं. यांना शेजारी बसवलं होतं, गप्प का होईना. भासऱ्यांनी कप खाली ठेवला, म्हणाले, "असं काय पाह्यलं तिथं?" मी म्हटलं, "शहर चांगलं आहे, दादा. बस चांगली आहे तिथली." ते उठून बाहेर गेले. बोलतील, महिनाभरानं बोलतील. न बोलले तरी मी जाणार आहे. बॅगा भरायला घेतल्यात, आणि ज्वारीचं पीठ इथूनच घेऊन जाईन.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा तुझ्याशी खोटं बोलून काय मिळणार? मला ते शहर जरासुद्धा आवडलं नाही, आई. आणि तुलाही धाड आवडलं नव्हतं, हो ना? तू तर गावाला निघायच्या आधीच, त्या पंगतीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं होतंस. येताना एसटीत तू खिडकीचा गज धरून खामगाव येईपर्यंत एक शब्द बोलली नव्हतीस. मला वाटलं होतं, ऊन लागलं असेल. परवा विमानात मी तशीच बसले होते.