गाडीचे अकरा तुकडे

दि. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्यात बाबांच्या गाडीचे अकरा तुकडे पाठवतोय. मीटरभोवतीच्या दोन कड्या, रेडिओची चौकट, दारांच्या आतल्या चार पट्ट्या आणि हँडलांमागच्या चार वाट्या. दिसायला क्रोम, आत नुसतं प्लास्टिक, हे मी तुला काय सांगायचं! वरचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटलाय. गाडीत बसणाऱ्याच्या बाहीला चांदी लागते. इथला गॅरेजवाला म्हणतो, वरून चकचकीत चिकटपट्टी लावून देतो. ते मला बघवणार नाही. चाळीस वर्षं गाड्या आतून सजवणारा भाऊ असताना चिकटपट्टी कशाला?

माझी ही गेल्यापासून दीड वर्ष संध्याकाळी मी दुसरं काही केलेलं नाही. ऑफिसातून येतो, कपडे बदलतो, गाडीखाली शिरतो. इंजिन झालं, सीट झाल्या, एवढंच राहिलंय. थकलोय रे. एकदा संपवून टाकायचंय. महिन्याभरात जमेल ना?

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
छोटू (वय वर्षं अठ्ठावन्न)


दि. २ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

‘खोकं पोचलं, होईल’ या तुझ्या एका ओळीनंतर दोन महिने झाले. मधल्या माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. डॅशबोर्डला भोकं पडल्यासारखी गाडी उभी आहे, आणि मी रोज तिच्याकडे बघून घरात जातो. काम जास्त असेल तर समजू शकतो. पण करायचंच नसेल तर तसं सांग. मला गृहीत धरू नकोस.

राग मानू नये, हे मोठ्यांना वेगळं सांगायला नको.

तुझा,
छोटू


दि. ९ मे

रा. भाऊजींस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मीच ह्यांना वाचून दाखवलं. शेवटच्या दोन ओळी गाळल्या.

ह्यांचा उजवा हात गेले दहा महिने थरथरतोय. डॉक्टर म्हणतात, वाढतच जाणार. तुमच्यावर आधीच एवढं कोसळलेलं, म्हणून तुम्हाला कळवायचं नाही अशी मला ताकीद होती. खोकं आलं त्या दिवशी माणूस इतका खुलला की काय सांगू! दुसऱ्या दिवशी सकाळीच खिडकीपाशी टेबल ओढून बसले. जुना थर खरवडताना हात घसरला आणि मीटरच्या कडीवर खोल चरा पडला. दुसरी कडी हातातून सुटली, तिची खुंटी मोडली. तेव्हापासून खोक्यावर चादर घातलीय. करायचंही नाही आणि परतही पाठवायचं नाही. विचारलं तर अंगावर येतात.

शर्टाची बटणं लावणं, घास भरवणं, ह्याचं मला काही वाटत नाही, भाऊजी. पण दिवसभर रागावलेल्या माणसाशेजारी बसून जीव आंबून जातो. औषधं आणायला जाईन तेव्हा हे पेटीत टाकीन. मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नका.

माया असू द्या.

तुमची,
वहिनी


दि. २३ मे

चि. छोटूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. ‘दादा, राहू दे, विश्रांती घे, मी चिकटपट्टी लावून घेतो,’ असं लिहिलंयस. विश्रांती हा शब्द तू मला जन्मात लिहिला नव्हतास. तेव्हा चुगली कोणी केली ते लगेच लक्षात आलं. मी सांगतोय आणि तीच व्यक्ती हे लिहून घेतेय. मान काही वर करत नाही. (भाऊजी, तुमच्या पोटात काही राहत नाही. — लिहिणारी.)

दोन दिवस मी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी हिने चादर काढली, एप्रन चढवला आणि मला म्हणाली, की तुमची पत्रं मी लिहिते, तुमच्या तोंडात घास मी घालते, मग रंग तेवढा मला जमणार नाही असं का वाटतं? मी म्हटलं, बिघडेल. ती म्हणाली, बिघडलेलंच आहे.

तर काम सुरू आहे. चिकटपट्टीला हात लावलास तर याद राख.

आशीर्वाद कायम आहेत, या खेपेला जरा नाराजीने.

दादा


दि. ३० जून

रा. भाऊजींस,
स. न. वि. वि.

अकराही तुकडे पाठवते आहे. चऱ्यात पुट्टी भरली, खुंटी चिकटवली, ओल्या पॉलिश पेपरने सगळं घासलं. मग काळा रंग. त्यात तोंड दिसलं पाहिजे, नाहीतर चंदेरी हात उठत नाही. आणि चंदेरी म्हणजे नुसती वाफ सोडल्यासारखा फवारा. एक हात जास्त झाला की पत्र्याच्या डब्यासारखा करडा दिसतो. पंखा बंद, खिडकी उघडी, आणि खुर्चीतून ह्यांची आरडाओरड: लांबून, लांबून, हात चालता ठेव!

डाव्या दाराची पट्टी चारदा खरवडली. तिसऱ्यांदा मला रडू आलं. तेव्हा हे म्हणाले, की नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्यांनी मालकाच्याच गाडीचा अख्खा डॅशबोर्ड नासवला होता आणि दुपारभर संडासात लपून बसले होते. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला आत्ता कळलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

काम झालं, पण दमणूक काही गेली नाही. सकाळी उठते तीच दमलेली.

आठवण ठेवता, तशीच ठेवा.

तुमची,
वहिनी


दि. ८ जुलै

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

सगळे तुकडे बसले. उन्हात दार उघडलं की डोळे दिपतात. डाव्या पट्टीच्या टोकाला जरासा खडबडीतपणा आहे. तो दादाला सांगू नका.

पण पत्रातलं तुमचं ‘सकाळी उठते तीच दमलेली’ हे वाक्य मी गाडीपेक्षा जास्त वेळ बघत बसलो. ही अंथरुणावर होती तेव्हा मीही रोज दमलेलाच उठायचो, आणि ते कोणाला लिहिलं नाही. मी पंधरा दिवसांची रजा टाकलीय. पुढच्या शनिवारी गाडी घेऊन येतो. तुम्हाला तुमच्या बहिणीकडे सोडीन. तिला पत्र गेलंय आणि तिचा होकारही आलाय. दादाचं सगळं मी करीन. वर्षभर केलंय, हाताला सवय आहे. नाही म्हणू नका.

येणाऱ्याला दारातून परत पाठवू नये, ही विनंती.

आपला,
छोटू


दि. १२ जुलै

चि. छोटूस,
आ.

हे मी माझ्या हाताने लिहितोय. ओळी वाकड्या आहेत, लागेल तसं वाच.

हिने बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. माझ्या औषधांची यादी तीनदा लिहिली. मी म्हटलं, तू जा. तर म्हणाली, मला घालवायची एवढी घाई झालीय का? तशी घाई झालीय खरी. काल ती भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपली होती.

धाकट्या भावाच्या हातून जेवायची मला लाज वाटेल. पहिल्या दिवशी मी चिडेन. तेवढा दिवस सांभाळून घे.

आत्ता दुपारची ती झोपलीय. एवढ्या ओळींना पाऊण तास लागला. ती उठायच्या आत पेटीत टाकून येतो.

दादा