रबराचा साप

बोरीवली (पूर्व), ६ जुलै

ती. मधुवंतीआत्या,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण तुला ऐकू कमी येतं आणि हे ओरडून सांगितलं तर अख्ख्या बिल्डिंगला कळेल. मग माझी वाट लागली.

आत्या, तो साप मी केला होता.

मे महिन्यात आमच्या जिन्यात निघाला, पप्पांनी काठीने ठेचला, सोसायटीने त्यांना शाल-नारळ दिला, तू फोटो मागवून भिंतीवर लावलास, तोच. तो साप नव्हता गं. आपल्या गाडीच्या मागच्या दाराच्या चौकटीला काळं रबर असतं ना, बीडिंग, ते मी उपसून काढलं आणि निधीला घाबरवायला जिन्याच्या वळणावर वेटोळं करून ठेवलं. नॅशनल पार्क मागेच, त्यामुळे इकडे साप म्हटलं की कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. पण आपल्या बहिणाबाईंऐवजी पप्पा आले. त्यात लाईट गेलेली. काय धुतलाय त्याला! मग मीच शूर बनून ते फावड्यावर घेतलं, पार्काकडे टाकून येतो म्हणत पळालो आणि पुसून परत गाडीला ठोकून बसवलं.

आता गाडीत पाणी येतं. पुढच्या सीटखाली डबकं, मॅटला बुरशी, आत ओल्या कुत्र्याचा वास. पप्पांचं म्हणणं, रोज गाड्या धुणारे मार्तंडदादा दाराच्या फटीत पाईप मारतात. सेक्रेटरीला सांगून त्यांचं कामच बंद केलं. गोराईहून बोटीने यायचे बिचारे. मी बाजूलाच उभा होतो, गप्प. लिहायलाही लाज वाटतेय.

एकच आशा आहे. रबर मागच्या दाराचं आणि पाणी पुढे साचतंय, म्हणजे माझ्यामुळे नसेल ना? काका गाड्या खोलायचे तेव्हा तू टॉर्च धरायचीस. गळती शोधतात कशी, सांग ना.

लोभ आहेच, हे वाचून आटवू नकोस.

तुझा नालायक,
सर्वेश


मुलुंड, १० जुलै

चि. सर्वेश,
अनेक आशीर्वाद. भेटशील तेव्हा एक कानाखाली मिळेल, तीही आशीर्वादातच धर.

पत्र वाचून आधी खूप हसले. मग मार्तंडचं वाचलं आणि हसू गेलं.

बाळा, पाणी जिथे दिसतं तिथूनच आत येतं असं नसतं. तुमच्या पार्किंगला उतार, गाडी तोंड खाली करून उभी. मागून आलेलं पाणी मॅटखालून पुढेच जाणार. काकांची रीत सांगते. मॅट काढ, आतलं सगळं कोरडं कर, कडेकडेने जुनी वर्तमानपत्रं पसर. दारं लावून तू आत बस आणि बाहेर निधीला पाईप धरायला सांग. पाणी आधी खालून मारायचं, मग हळूहळू वर. एकदम टपावर ओतलं तर काही कळत नाही. एकेका दाराशी दम धर. कागद जिथे पहिला भिजेल तिथे बघ. रबर फाटलेलं निघालं तर चिकटवाचिकटवी नको, नवीन आण आणि सांधा खाली उंबऱ्याशी येऊ दे, वर नको.

गाडी सुकली म्हणजे सुटलास असं समजू नकोस. माझ्या भावाला हे तू सांगायचंस, मी नाही.

रागावले असले तरी तुझीच,
आत्या


बोरीवली (पूर्व), १९ जुलै

ती. आत्या,
सा. न. वि. वि., कानाखालीसकट.

निधीला सगळं सांगावं लागलं. तिने आधी पाईप माझ्यावरच धरला, मी गपचूप भिजलो. मग कपडे बदलून आत बसलो. पुढची काच कोरडी, पुढची दारं कोरडी. मनात नाचायला लागलो होतो. मागच्या डाव्या दाराला पाणी वर चढलं आणि पप्पांच्या काठीने रबर जिथे फाटलं होतं, बरोबर तिथून धार सुटली, थेट माझ्या मांडीवर. निधी काच वाजवत होती, मला बाहेर यावंसंच वाटेना.

नवीन रबर बसवलं, सांधा खाली. मग पप्पांना सांगितलं. वाटलं, फोडून काढतील. त्यांनी कपाटातून ती शाल काढली, मांडीवर घेऊन बसले आणि एवढंच विचारलं की ते काठी मारत होते तेव्हा मी हसत होतो का. मी हो म्हटलं. आत्या, मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन गोराईला गेले. मार्तंडदादांना म्हणाले, गाडीचं रबर फाटलं होतं, तुमच्यावर उगाच आळ घेतला, माफ करा. आणि ती शाल त्यांच्या खांद्यावर घातली. सेक्रेटरीशीही पप्पा स्वतः बोलले, दादा परत कामावर येतायत. आता रोज त्यांच्या बादल्या मी भरून देतो. ते नको म्हणतात, मी ऐकत नाही.

पण त्या दिवशी दादा आम्हाला बोटीपर्यंत सोडायला आले आणि कौतुकाने पप्पांना विचारलं, साप केवढा होता. पप्पा नुसते खाडीकडे बघत राहिले. शेवटी मीच म्हटलं, खूप मोठा होता.

म्हणून पाया पडतो, आत्या, कोणाला सांगू नकोस. मला वाचवायला नाही गं. माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण पप्पांचा तो फोटो भिंतीवरून काढू नकोस, आणि कोणी विचारलं तर साप होता म्हण. प्लीज.

तुझा,
सर्वेश