भिंतीवरची घोंगडी

मी, सुलाबाई अर्जुना बंडगर, वय अदमासे पासष्ट, धंदा घोंगड्यांचा, मूळ गाव जत, हल्ली मुक्काम सांगली, कोणाच्या धाकाने किंवा भुलवणीने नव्हे तर आपल्या मर्जीने माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. दात सोडले तर प्रकृती उत्तम आहे. बुद्धीही जागेवर आहे. त्याबाबत एका माणसाचे मत निराळे आहे, त्याचा खुलासा कलम तीनमध्ये होईल. मला लिहिता येत नाही. मी बोलते आणि गोपाळकृष्ण वकील लिहितात. भाषा शुद्ध करण्याची त्यांना मोकळीक आहे, मजकूर गाळण्याची नाही.

कलम १. राहते घर, अंगणातल्या कडुनिंबासकट, माझा मुलगा धुळा याचे. घर माझ्या कमाईतून झाले आहे, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क पोचत नाही. धुळा सरळ आणि कष्टाळू आहे. आईवर त्याने कधी आवाज चढवला नाही. बायकोवर चढवतो, ते त्याने सोडावे.

कलम २. रस्त्याकडचे दुकान, लोकरीचा साठा आणि सगळी गिऱ्हाइके माझी सून बनाबाई हिची, पूर्ण मालकीने. हे ऐकून धुळा म्हणाला, "आये, मी काय मेलोय व्हय?" मी वेगवेगळ्या मेंढ्यांची लोकर त्याच्यापुढे मांडली आणि रंग सांग म्हटले. "ही काळी. ही बी काळी. ही जरा मळलीया," असे तो म्हणाला. बनाने मात्र हात लावताच वेगळे केले: ही खरी काळी, ही उन्हात तांबूस पडणार, ही चिंचोक्याच्या रंगाची, ही राखेची, आणि मळलेली म्हणतो ती पांढरी, सायीसारखी. धुळा तिथून उठून गेला. दुकान कोणाला द्यायचे हे त्याच वेळी ठरले.

बंगल्यांची रीत बदलली आहे, म्हणून हे सांगावे लागते. मी या धंद्यात आले तेव्हा श्रीमंताच्या दिवाणखान्यात लाल मखमल, झालरी आणि गुलाबांचे पडदे असत. बसलेल्या माणसापेक्षा पडदेच जास्त बोलायचे. आता बायका म्हणतात, साधे द्या, एकच रंग, फार तर एखादा पट्टा. परवाच्या जर्मन लढाईत विलायती रंगाच्या पुड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा लोकांनी नाइलाजाने मेंढीच्या अंगचाच रंग घेतला. आता लढाई संपली तरी तोच मागून नेतात. बनाने एवढे ध्यानात ठेवावे: आधी गिऱ्हाइकाची भिंत बघायची, तीही दिवसाउजेडी. पिवळसर भिंतीवर राखी रंग आजाऱ्यासारखा दिसतो, तिथे चिंचोक्याचा द्यावा. दक्षिणेच्या खिडकीला काळी टांगू नये. निळा पट्टा बोटभरच असावा, मग बाई कितीही आग्रह करो.

कलम ३. माझा विणायचा माग, सगळ्या सामानासह, माझा दीर कोंडीबा बंडगर, राहणार जत, याला द्यावा. इथे वकिलांनी कारण लिहायची गरज नाही असे म्हटले. मला आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा कोंडीबा माझ्या पदराला धरून हिंडायचा. माझा नवरा गेल्यावर तोच मागावर बसला. लोकर मी निवडायची, विणायचे त्याने. त्याच्या हातचा काठ दोरी लावल्यासारखा सरळ. सांगलीच्या उमाबाई इंजिनेर यांनी दिवाणखान्यात अंथरायला म्हणून एक मोठी घोंगडी सांगितली, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. आम्ही दोघांनी ती नेऊन पसरली. खोली अशी दिसली की बाईंनी टाळीच वाजवली. तेवढ्यात त्यांचे इंजिनेर साहेब कामावरून आले आणि बुटांनिशी त्यावरून चालत गेले.

कोंडीबा म्हणाला, "सायेब, बूट काडा. ह्येच्यावर आमचा बिरोबा बसतो."

साहेब वाईट नव्हते. हसले फक्त. म्हणाले, "अरे, अंथरायलाच घेतलीय ना?" कोंडीबाने एकेक खुर्ची उचलून बाजूला ठेवली, घोंगडी गुंडाळली आणि खांद्यावर टाकून चालू लागला. मी मागून धावले. "आरं, इकली म्हंजी त्येंची झाली की!"

"घोंगडी इकली वैनी, द्येव न्हाई इकला," असे म्हणून तो थेट जतला गेला, तो परत आला नाही. घोंगडी त्याने बिरोबाला वाहिली. वर बाजारात सांगत सुटला, "वैनीचं डोकं फिरलंय. द्येवाच्या आसनावर बूट फिरवाया निघाली." जतच्या बाजारात एकदा बोललेले गावोगाव पोचते. माहेरच्या माणसांनीसुद्धा माझ्याकडे चमत्कारिक बघितले. ते मला फार लागले, अजून लागते.

त्यानंतर काय झाले हे त्याला ठाऊक नाही. उमाबाईंचा बयाणा घेतलेला, खोली रिकामी, आणि दुसरी घोंगडी घेऊन गेले तर जमिनीवर पसरायला माझाच हात होईना. समोरची भिंत उंच होती, नुकताच सायीचा रंग दिलेली. मी म्हटले, "बाई, हिला भिंतीवर टांगा. तिथे बूट पोचत नाही." टांगली. नव्या घोंगडीला दिलेली चिंचोक्याची खळ अंगाला टोचते, भिंतीला काय टोचणार? उलट ताठ राहिली. उमाबाईंच्या भिंतीवरून ही रीत शेजारच्या भिंतीवर गेली, मग साताऱ्याच्या पेन्शनर सुभेदारांकडे, मग दारांनाही घोंगडीचेच पडदे झाले. आज माझे घर, दुकान, सगळे त्या भिंतीवर उभे आहे. म्हणजे कोंडीबाच्या हट्टावर. हे त्याला मी कळवले नाही. कळवले असते तर आणखी फुगला असता.

मी चुकले असे मी म्हणत नाही. विकलेली वस्तू विकलेली असते. तोही चुकला नाही. पण घरात मागाचा आवाज आला की अजून वाटते तोच बसलाय, आणि बघावे तर भाड्याचा विणकर. मला त्याची आठवण येते. माग त्याने घ्यावा, आणि माझे डोके ठिकाणावर आहे असे त्याच्याच अंगठ्याने लिहून मिळावे, एवढीच माझी इच्छा उरली आहे. वकील म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, पुढे तंटे होतात. माग किंवा अंगठा, एकच काहीतरी. मी माग लिहिला. चार दिवसांपूर्वीच बनाला जतला पाठवून, कागद होणार आहे आणि माझी इच्छा काय आहे, हा निरोपही त्याला दिला.

कलम ४. उमाबाईंना माझी पांघरायची जुनी घोंगडी द्यावी. मऊ झाली आहे. त्यांचे गुडघे दुखतात.

कलम ५. पेठेतले कापडवाले भाऊसो सुती कापडावर पट्टे छापून "अस्सल लोकर" म्हणून विकतात. कसरीच्या किड्यांनी भोके पाडलेला लोकरीचा एक तुकडा मी वेगळा काढून ठेवला आहे, तो त्यांना माझ्या नावाने पोचवावा. अस्सल लोकर कशी असते हे त्यांना एकदा बघायला मिळेल. कसर निदान ओळखते.

कलम ६. माझ्या अंगावर शेवटी नवी घोंगडी घालू नये. ती जाळायला विणलेली नसते. साधे पांढरे कापड पुरे. रडणे आटोपशीर असावे. माझे बरे चालले होते.

पुढचा मजकूर त्याच दिवशी दुपारी लिहिला. साक्षीसाठी शेजारी तात्या कुंभार आले होते. दुसऱ्या साक्षीदाराला हाक मारणार तोच कोंडीबा दारात उभा राहिला. मोटारीने आला होता. केस पांढरे झालेत. पायताण बाहेर काढले, आत आला, आणि मला सोडून भिंतीवरच्या घोंगड्यांकडेच बघत राहिला. एकीच्या काठावरून बोट फिरवून म्हणाला, "काठ वाकडा हाय." एवढ्या वर्षांनंतरचे हे पहिले बोलणे. मला हसूही आले आणि रडूही.

वकिलांनी कलम तीन वाचून दाखवले. कोंडीबाने मान खाली घालून ऐकले. मग म्हणाला, "माग नगं. अंगठा कुटं लावायचा, सांगा."

वकील म्हणाले, "नीट विचार करा. साक्ष दिलीत तर मग माग मिळायचा नाही."

"न्हाई मिळंना. मी साक्षीलाच आलोय."

सबब कलम तीनमधील देणगी रद्द समजावी, मजकूर राहू द्यावा. आणि माग मी आत्ताच, जिवंतपणी, स्वतःच्या हाताने कोंडीबाला दिला आहे, मागातला धोटा त्याच्या हातात ठेवून. तो या कागदात येत नाही. वकील मान हलवत आहेत, पण कायद्यात त्यांना हरकत सापडलेली नाही.

मुक्काम सांगली, मार्गशीर्ष, शके १८६८, तारीख १२ डिसेंबर १९४६.

निशाणी डाव्या अंगठ्याची: सुलाबाई अर्जुना बंडगर.

साक्ष: तात्या गोविंद कुंभार, शेजारी. सही दस्तुरखुद्द.

साक्ष: कोंडीबा बंडगर, राहणार जत. निशाणी अंगठ्याची. नेहमीचा साक्षीचा मजकूर यांनी ऐकून नाकारला व पुढीलप्रमाणे लिहिण्यास सांगितले: "वैनीचं डोकं जाग्यावर हाय. तवा बी हुतं. जतच्या बाजारात मी बोललो, त्ये खोटं."